भरल्या होडीत कुणाला घेणार?

गेली दोन वर्षे दर मंगळवारी सकाळी मी रेवसच्या धक्क्यावरून लाँच पकडते. भाऊच्या धक्क्याला उतरले की डॉकयार्ड रोड स्टेशन जवळच. मुंबईत दोन रात्री डोंगरीला खालेकडे राहते आणि गुरुवारी संध्याकाळी परत येते. गावातल्या बायका सुरुवातीला विचारायच्या, "काय ग, या वयात कसली शाळा?" माझे वय पस्तीस. लग्नानंतर बारा वर्षांनी मी पुन्हा पुस्तक हातात घेतले. शौहर कुवेतला असतात, मुलगी चौथीत आहे आणि मी नसताना तिला सासूबाई सांभाळतात. मी समुपदेशनाचे शिक्षण घेते आहे.

हे काम काय असते, ते आधी थोडक्यात सांगते. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, ते औषध लिहून देतात. समुपदेशक औषध देत नाही. समोरच्याचे ऐकणे, त्याच्या मनातला गुंता त्याच्याच हाताने सुटावा म्हणून सोबत बसणे, हे तिचे काम. पहिल्या वर्षी वर्गात शिकवतात. दुसऱ्या वर्षी एखाद्या केंद्रात बसवून खऱ्या माणसांशी बोलायला लावतात. प्रत्येक भेटीची टिपणे लिहायची आणि अनुभवी सुपरव्हायझरपुढे ठेवायची. आमच्या वर्गात बहुतेक बायकाच. कुणी पेणची, कुणी वसईची, कुणी मुंब्र्याची. घर, मुले, स्वयंपाक उरकून आलेल्या.

"बसून ऐकायचेच तर आहे, त्यात काय एवढे?" असे मला पुष्कळांनी म्हटले. मलाही तसेच वाटायचे. लहानपणापासून माझी ख्याती अशी की, हिला काहीही सांगा, ही ऐकून घेते. नात्यातल्या लग्नात मी चुलीजवळ बसले तरी कुणीतरी येऊन शेजारी रडायची. म्हणूनच तर या अभ्यासाकडे वळले. पण हौसेने ऐकणे वेगळे आणि रोज चार-पाच माणसांचे दुःख नेमाने ऐकणे वेगळे, हे मला मागच्या हिवाळ्यात कळले.

केंद्रात माझ्याकडे एक तरुण मुलगी यायची. तिची कहाणी मी इथे सांगणार नाही. ती माझी नाही, तिची आहे, आणि आमच्या कामात ती अमानत असते. एवढेच सांगते की, तिने ते आधी कुणालाही सांगितले नव्हते. चौथ्या भेटीत ती बोलू लागली आणि मी ऐकत होते. म्हणजे ऐकत असल्याचे दाखवत होते. मान हलत होती, डोळे तिच्यावर होते, पण मन रिकामे झाले होते. तिचे शब्द कानावर पडत होते आणि आत काहीच पोहोचत नव्हते. मधेच माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तिने ते पाहिले. गप्प झाली. मग माझीच समजूत काढावी तसे म्हणाली, "मॅडम, तुम्ही थकलात का? मी नंतर येते."

ती पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

त्याच दिवसांत घरी आणखी एक गोष्ट घडली. लेक शाळेतून रडवेली आली. मैत्रिणीने तिच्याशी बोलणे टाकले होते. ती सांगत होती आणि मी भाकऱ्या थापत म्हटले, "मग तेव्हा तुला कसं वाटलं?" ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अम्मी, असं नको बोलूस. तू त्या बायकांशी फोनवर बोलतेस ना, तसं वाटतं." मी एवढी ओरडले तिच्यावर की, सासूबाई पडवीतून उठून आत आल्या. लेक जाऊन कोपऱ्यात बसली. रात्री तिच्या डोक्यावरून हात फिरवताना मला रडू आले. परक्यांसाठी माझा आवाज मऊ, आणि पोटच्या पोरीसाठी असा?

वर्गात याचे नाव आम्ही शिकलो होतो. १९९० साली मॅककॅन आणि पर्लमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडले की, आघात झालेल्या माणसांचे सतत ऐकणाऱ्याच्या मनावरही त्या आघाताचा ठसा उमटतो. चार्ल्स फिगली यांनी याच्या जवळच्या एका गोष्टीला करुणेचा थकवा म्हटले. झोप उडते, चिडचिड होते, साध्या गोष्टींची भीती वाटू लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक बधिरपणा येतो, ज्यात दुसऱ्याच्या दुःखाने काहीच हलत नाही. परीक्षेत मी यावर छान उत्तर लिहिले होते. स्वतःला झाले तेव्हा ओळखले नाही. मला वाटले, माझा ईमान कमी पडतोय, माझा सब्र कमी पडतोय. म्हणून मी आणखी काम अंगावर घेतले. गावातल्या बायकांचे रात्री अकराला फोन यायचे, तेही घेतले.

स्वतःची काळजी कशी घ्यायची यावर आम्हाला एकदा दिवसभराचे शिबिर होते. एक कागद वाटला. त्यात लिहिले होते, सुगंधी पाण्याने आंघोळ करा, डायरी लिहा, एकट्याने फिरायला जा, आवडते संगीत ऐका. माझ्या शेजारची पेणची मैत्रीण हळूच म्हणाली, "बाथरूममध्ये पाच मिनिटं कुणी दार वाजवलं नाही तरी खूप झालं." आम्ही सगळ्या हसलो. पण हसून झाल्यावर मला उदास वाटले. कागद वाईट नव्हता. तो आमच्या घरांसाठी लिहिलेला नव्हता, इतकेच.

दुपारी माइंडफुलनेस शिकवले. मराठीत त्याला सजगता म्हणतात. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचे, मन भरकटले की त्याला न रागावता परत आणायचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. त्याचे मूळ बौद्ध ध्यानात आहे, पण त्यांनी तो दवाखान्यात, कुठल्याही धर्माच्या माणसाला चालेल असा बसवला. मुंब्र्याच्या मैत्रिणीने जेवताना विचारले, "आपल्याला हे चालेल का ग?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही. घरी येऊन विचार केला. श्वास अल्लाहने सगळ्यांना दिला आहे, त्याकडे लक्ष देण्यात कसली हरकत? आणि मनावर लक्ष ठेवणे आपल्याला नवीन थोडेच आहे? मुराकबा आणि मुहासबा हे शब्द आपल्या बुजुर्गांनी शतकानुशतके वापरले आहेत. अल्लाह पाहतो आहे हे भान ठेवून आपल्या दिलावर लक्ष ठेवायचे आणि दिवसाअखेरीस आपलाच हिशेब घ्यायचा.

पुस्तके चाळताना आणखी एक नाव सापडले. अबू झैद अल-बल्खी. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख प्रांतातले हे आलिम, इसवी सन ९३४ मध्ये वारले. त्यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडते तसे मनही पडते, आणि एकाचा त्रास दुसऱ्याला होतो, असे त्यांचे म्हणणे. अचानक दुखणे आले तर उपयोगी पडावी म्हणून आपण घरात औषध ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, वाईट वेळेला ते कामी येतात, असेही त्यांनी सुचवले. हजार वर्षांपूर्वी! आणि इमाम गझाली (रह.) यांचे तर सगळ्यांना माहीत आहे. १०९५ साली बगदादच्या मोठ्या मदरशात शिकवत असताना त्यांची वाचाच बसली. शिकवायला तोंड उघडेना, अन्न पचेना. हकिमांनी सांगितले, दुखणे दिलातून आले आहे. त्यांनी बगदाद सोडले. पुढे बराच काळ एकांतात काढला. एवढ्या मोठ्या इमामांना थांबावे लागले, मग मी कोण लागून गेले?

हे सगळे वाचून बरे वाटले, पण माझा प्रश्न सुटला नाही. कारण मी सजगताही कामासारखीच करू लागले. सकाळी दहा मिनिटे श्वास, झाले, पुढचे काम. नमाजही तशीच चालली होती. सजद्यात असताना दुसऱ्या दिवशीच्या भेटीची टिपणे मनात लिहायची. सलाम फिरवला की लक्षात यायचे, किती रकात झाल्या तेच आठवत नाही. नमाज ही इबादत आहे, ताण घालवायची गोळी नाही. पण नमाजीत मी नसेन, तर आणखी कुठे असणार?

ती मुलगी सलग तिसऱ्या आठवड्यात आली नाही, त्या गुरुवारी मी परत येत होते. लाँच रेवसजवळ आली तेव्हा पुरी ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडला होता. लाँच धिम्या गतीने वाट काढत होती. एका बाजूला करंजाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कनकेश्वर, मागे न्हावा-शेव्याच्या क्रेनचे दिवे लागलेले. मला माझ्या दादीची आठवण झाली. दादी आयुष्यात कधी लाँचमध्ये बसली नाही.

'रामदास' बोटीचे नाव रायगडच्या किनाऱ्यावर अजून घेतात. १७ जुलै १९४७. आषाढाची अवस तोंडावर होती, सणाला घरी निघालेली माणसे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला बोटीत बसली. वादळी पाऊस होता. काशाच्या खडकाजवळ बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि या किनाऱ्यावरच्या गावागावांत मय्यती होत्या. दादी तेव्हा सात-आठ वर्षांची. किनाऱ्यावर काय काय वाहून आले, ते तिने पाहिले होते. त्या काळी कोण कुणाला विचारणार, पोरी, तुला झोप येते का? तिने ते पन्नास वर्षे पोटात ठेवले. मी दहा-बारा वर्षांची असताना, एका पावसाळी रात्री वीज गेली होती तेव्हा, तिने मला एकटीला सांगितले. बहुधा मी आयुष्यात ऐकलेली पहिली केस माझी दादीच.

त्या हकिकतीतला एक भाग ती नेहमी सांगायची. इकडचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांना पाण्यात माणसे दिसली. होड्या मासळीने भरलेल्या. त्यांनी सगळी मासळी समुद्रात फेकली आणि माणसे वर ओढून घेतली. "मासळी फेकली म्हणून माणसं मावली," दादी म्हणायची. "भरल्या होडीत कुणाला घेणार?"

त्या संध्याकाळी लाँचच्या कठड्याला धरून उभी असताना मला वाटले, मी तर भरलेली होडी घेऊन बुडणाऱ्यांच्या मधून फिरते आहे. हात पुढे करते, पण बसवणार कुठे? आणि दुसरी गोष्ट मनात आली, ती जास्त बोचली. त्या कोळ्यांनी कचरा फेकला नव्हता. ती त्यांची कमाई होती, घरच्या चुलीची भाकरी होती. माझ्या होडीत काय आहे, जे मला मोलाचे वाटते म्हणून मी फेकत नाही? उत्तर लगेच मिळाले. "ही कुणालाही नाही म्हणत नाही", ही माझी ख्याती. तीच माझी मासळी.

पुढच्या मंगळवारी मी सुपरव्हायझर बाईंना सगळे सांगितले. घड्याळाकडे बघितल्याचेही. मला वाटले होते, त्या मला श्वासाचा एखादा नवा प्रकार सांगतील, नाहीतर मी या कामाला लायक नाही असे म्हणतील. त्यांनी दोन्ही केले नाही. वही उघडून विचारले, आठवड्याला किती जणांना भेटता? मग त्यांनी माझ्या भेटी कमी केल्या. दोन भेटींमध्ये दहा मिनिटे सोडायची, असा नियम घातला. सलग दोन जड कहाण्या एका दिवशी नकोत, हेही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांचं ऐकता. तुमचं कोण ऐकतं?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी मला स्वतःसाठी समुपदेशकाकडे जायला सांगितले. समुपदेशकानेही समुपदेशकाकडे जावे, यात लाज नाही. न्हावी स्वतःचे केस स्वतः कापतो का?

तेव्हा मला सजगतेचा खरा उपयोग कळला. आणखी ओझे उचलता यावे म्हणून ती नसते. ओझे किती झाले, हे वेळेवर कळावे म्हणून असते.

आता मी काय करते ते सांगते. फार मोठे काही नाही. दोन भेटींमधल्या दहा मिनिटांत टिपण लिहून वही बंद करते आणि वुजू करते. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जाताना त्याचा गारवा जाणवू देते. गेलेल्या माणसाला तिथे निरोप देते, येणाऱ्यासाठी हात मोकळे करते. लाँचवर पहिला अर्धा तास फोन पिशवीत ठेवते. पाण्याचा आवाज, इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास, वाऱ्याने उडणारी ओढणी, जे आहे ते. मन केंद्रात जाते, मी त्याला परत आणते. चिडत नाही, निदान पूर्वीइतकी नाही. गावातल्या बायकांना सांगितले, शुक्रवारी असरनंतर घरी या, रात्री फोन नको. पण जीवावर बेतले असेल, तर माझी वाट न पाहता १४४१६ लावा, असेही सांगितले. हा सरकारचा टेलिमानस नंबर, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. दोघी जणी रागावल्या. एक अजून बोलत नाही. ते सोसावे लागते.

पेणची, मुंब्र्याची आणि मी, आम्ही तिघी पंधरवड्यातून एकदा फोनवर बोलतो. कुणाचे नाव-गाव न घेता फक्त आमचे सांगतो: आज मी घाबरले, आज मला राग आला, आज मी रडले.

ती मुलगी? केंद्रातून तिला फोन केला गेला. ती परत आली, पण माझ्याकडे नाही. दुसऱ्या एका ताईंकडे जाऊ लागली. पहिले काही दिवस मला फार लागले. मग एकदा व्हरांड्यात दिसली, ओळखीचे हसली. मी मनात शुक्र अदा केला. तिला किनारा मिळाला, होडी माझी नसेना का.

बुखारी शरीफमध्ये हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांचा प्रसंग आहे. सलमान भावाकडे गेले, तर त्यांच्या पत्नी उम्मे दर्दा (रजि.) साध्या, विस्कटलेल्या कपड्यांत दिसल्या. विचारल्यावर कळले, भाऊ दिवसा रोजे आणि रात्री इबादतीत, दुनियेशी घेणे-देणे नाही. सलमानांनी त्यांना जेवू घातले, रात्री झोपवले आणि शेवटच्या प्रहरी उठवून दोघांनी नमाज पढली. मग समजावले की, रब्बचा जसा हक्क आहे तसा तुमच्या स्वतःचाही तुमच्यावर आहे आणि घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला द्या. नबी करीम (सल्ल.) यांनी सलमानांचे म्हणणे खरे ठरवले. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले. पण हे आता लक्षात आले की, सगळ्याची सुरुवात एका बाईकडे कुणीतरी नीट पाहिले, तिथून झाली.

बहिणींनो, आपल्या घरांतल्या मुली आता नर्स होत आहेत, आशाताई आहेत, शिक्षिका आहेत, समुपदेशक होत आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे ऐकून त्या घरी येतात. त्यांच्याकडे एकदा पाहा. माझ्या सासूबाई शिकलेल्या नाहीत, सजगता हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पण गुरुवारी मी रेवसहून घरी पोहोचते तेव्हा त्या चहा ठेवतात, लेकीला म्हणतात, "अम्मीला कप संपवू दे, मग बोल," आणि स्वतः काही विचारत नाहीत. कप संपतो. मग लेक येऊन मांडीवर डोके ठेवते आणि शाळेतले सांगू लागते. हल्ली मी "कसं वाटलं" असे विचारत नाही. फक्त ऐकते.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या होड्यांत जागा ठेवो. आमीन.